वाळवीनं खाल्लेलं शेवटचं प्रकरण

देव एका गावाहून दुसऱ्या गावाला कसे जातात, हे ज्याला जवळजवळ पक्कं ठाऊक होतं असा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो दौंड जंक्शनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होता. पुढं मी इतिहास शिकलो, शिकवला, मोठमोठ्या विद्वानांची व्याख्यानं पहिल्या रांगेत बसून ऐकली. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीनं ज्याला धाप लागते, ज्याचा चष्मा घसरतो आणि हातातली सुतळी अर्धवट बांधलेली राहते, असा माणूस पुन्हा पाहिला नाही. सगळं स्टेशन त्यांना पार्सलबाबू म्हणे, मी काका म्हणत असे. माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळेच आप्पा म्हणत, त्यांच्याच हाताखाली पार्सल शेडमध्ये हमाल होते. आम्ही मूळचे शिरूर तालुक्यातले, घोड नदीच्या काठचे, आणि बाबू खुद्द शिरूर गावचे. एवढ्या धाग्यावर त्यांनी माझ्यावर हक्क सांगितला. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी मॅट्रिक झालो आणि आप्पा मला शेडमध्ये चिकटवायला घेऊन गेले, तेव्हा बाबूंनी मला मालाच्या काट्यावर उभं केलं, वजन पाहिलं आणि म्हणाले, "आप्पा, हा माल इथं उतरवायचा नाही. हा पुढं पुण्याला जायचाय." कॉलेजचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला, वळणदार अक्षरात, लेबल लिहावं तसा. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या काट्यावर ठरला.

बाबूंना ते वेड लागलं एका बेवारस पेटीमुळं. दौंडला उतरवलेली आणि कुणीच सोडवायला न आलेली एक लाकडी पेटी नियमाप्रमाणं शेडच्या कोपऱ्यात पडून राहिली आणि नियमाप्रमाणंच एके दिवशी तिचा लिलाव झाला. आत पुस्तकं निघाली. भेळवाल्यानं ती रद्दी म्हणून उचलली. त्याच्या आधी वाळवीनं उचलली होती, पण तिनं सही केली नव्हती. भेळवाला पुड्यांसाठी पानं फाडत असताना एका चित्रावर बाबूंची नजर पडली. उभी देवी, अंगावर चुणीदार वस्त्र, आणि छातीशी त्या वस्त्राला मारलेली एक गाठ. दुसऱ्या कुणी देवी पाहिली असती, बाबूंनी गाठ पाहिली. "इतकी वर्षं सुतळी बांधतोय, पण अशी गाठ कधी पाहिली नाही," ते मला सांगत. "ओढली की आवळत असणार आणि दाबली की सुटत असणार. ज्या बाईला ही गाठ मारता येते, तिचं पार्सल वाटेत कधी फुटणार नाही." गाठीसाठी म्हणून त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं. पुढं वर्षानुवर्षं ते ती गाठ मारायचा प्रयत्न करत राहिले. गुळाच्या पेट्यांवर, सायकलींच्या चाकांवर, काकूंच्या लोणच्याच्या बरणीवर. काकूंना एकदा अख्खा चातुर्मास लोणचं मिळालं नाही असं त्या म्हणत, पण त्या थोडं वाढवून सांगत असाव्यात.

पुस्तक इंग्रजीत होतं. बाबूंचं इंग्रजी रेल्वेच्या नियमपुस्तकातून आलेलं, त्यामुळं कुठल्याही वाक्यात जबाबदारी कुणाची हे ते आधी शोधायचे. पहिली पानं गेलेली असल्यानं पुस्तकाचं नाव कळत नव्हतं आणि लिहिणाराही कळत नव्हता. मधलं मात्र शाबूत होतं. ग्रीस देशाभोवतीच्या समुद्रात बेटंच बेटं आहेत. तिथल्या लोकांना स्वतःचे देव काही कमी नव्हते, तरीसुद्धा समुद्रापलीकडच्या इजिप्तची आयसिस देवी आणि सेरापिस देव त्या बेटांवर जाऊन वसले. त्यांची देवळं झाली, पुजारी झाले, नवस झाले. कुठल्या बेटावर कुठलं देऊळ, कुठल्या दगडावर कोणता लेख, सगळं त्या पुस्तकात होतं. शेवटच्या शाबूत पानावरची शेवटची ओळ होती, की या प्रसारामागची कारणं आता आपण पाहू. त्यापुढं भोक होतं. वाळवीनं बरोबर तिथून सुरुवात करून मागचा पुठ्ठा गाठला होता.

"वाळवी विद्वान होती," बाबू म्हणत. "गर तेवढा तिनं खाल्ला आणि साल मला ठेवली."

दुसऱ्या कुणी पुस्तक फडताळात टाकलं असतं. बाबूंच्या मनात मात्र ही पोहोच न मिळालेली डिलिव्हरी राहिली. माल निघाला आणि माल पोचला, हे सिद्ध होतं. मधे कुणी नेला, एवढंच कळत नव्हतं. आणि जो माणूस एका हरवलेल्या कोंबड्यांच्या टोपलीसाठी मनमाडपर्यंत पत्रं लिहीत असे, तो दोन देवांचा पत्ता लागत नसताना स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. वाळवीनं खाल्लेलं शेवटचं प्रकरण आपण लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. साधन एकच, दौंड जंक्शन.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि लोक हसतही. पण बाबूंचं म्हणणं ऐकून घेतलं की हसू जरा कमी व्हायचं. त्या बेटांत डेलोस नावाचं एक बेट होतं. तिथं धड शेत नाही, धड पाणी नाही, तरी परक्या देवांची गर्दी तिथंच सगळ्यात जास्त. "का?" बाबू विचारत आणि समोरच्याला तोंड उघडू न देता सांगत, "अरे, दौंडला कोण येतं? कुणी नाही येत. दौंडला गाडी बदलतात. सोलापूरकडचा, मनमाडकडचा, बारामतीच्या छोट्या गाडीचा, सगळे इथं तास-दोन तास बसतात. डेलोसला लोक जहाजं बदलत. जंक्शन होतं ते. देव गावात येत नाहीत, देव जंक्शनला येतात." आणि ते रेल्वे कॉलनीकडं हात करत. तिथल्या एका रांगेत मद्रासकडच्या फायरमनची अम्मन देवी होती, पंजाबी गार्डाच्या खोलीत गुरूंची तसबीर होती, शेजारी मेरीची मेणबत्ती, त्यापलीकडं आमच्या खोलीत बुद्ध. बाबू रविवारी कॉलनीत घरोघर हिंडायचे आणि दारात उभं राहून एकच प्रश्न विचारायचे, "तुमच्याबरोबर कोण आलंय?" लोक म्हणत, "सासूबाई आल्यात." बाबू म्हणत, "त्या नव्हे."

एकदा राखीव पोलिसांच्या कॅम्पातला एक हवालदार आसामकडची बदली संपवून परतला. सामान सोडवायला तो शेडमध्ये येताच बाबूंनी त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांच्या पुस्तकात बेटांवरच्या सैनिकांविषयी होतं. ते भाडोत्री शिपाई म्हणून इजिप्तच्या फौजेत जात आणि चाकरी संपवून तिकडचे देव घेऊन घरी येत. आता तसाच सैनिक बाबूंच्या समोर बसला होता.

"तिकडनं काय आणलंत?" बाबूंनी खुर्ची पुढं ओढली.

"मलेरिया," हवालदार म्हणाला.

बाबूंनी तेही लिहून घेतलं.

मद्रासकडच्या एका म्हातारीचा प्रसंग मात्र मी स्वतः पाहिलाय. गाडी बदलायला उतरलेली एक म्हातारी फलाटावर बसली होती. तिच्या मांडीवर हळदीच्या फडक्यानं झाकलेली टोपली होती आणि टोपलीवर तिचे दोन्ही हात. बाबू धावत गेले. त्यांना विचारायचं होतं, की तुमच्या गावाहून ही देवी कुठं निघालीय आणि कशासाठी. भाषेची अडचण. शेवटी त्यांनी हातवारे करून बोट आधी टोपलीकडं आणि मग रुळांकडं दाखवलं, पण मधे नेमका मालाचा काटा होता. अंगावर रेल्वेचा कोट. म्हातारीला वाटलं, बिनपावतीचं सामान धरलं. तिनं काखेतलं गाठोडं बाबूंपुढं सरकवलं, पायाशी ठेवलेला पितळी डबाही सरकवला, पण टोपली दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरली आणि बाबूंकडं अशा नजरेनं पाहिलं, की बाबू दोन पावलं मागं सरले. दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही. "मी फक्त चौकशी केली हो," असं ते येईल त्याला सांगत होते. आप्पा बाजूला बिडी ओढत बसले होते.

शिरूरला आमच्या एका ओळखीच्या घरी लग्न होतं, तिथली पंगतही अजून लोक सांगतात. बाबू वरबापाशेजारी बसले होते. वरबापानं सहज विचारलं, "काय बाबू, सध्या काय चाललंय?" एवढं पुरलं. बाबूंनी मीठ बोटानं पानाच्या मधोमध ओढलं. हे डेलोस. लिंबाची फोड खाली उजवीकडं, हे रोड्स, मोठ्या व्यापाऱ्यांचं बेट. चटणी म्हणजे थेरा, तिथं इजिप्तच्या राजाची पलटण. पानाच्या अगदी खालच्या काठाला भात, तो इजिप्त, कारण धान्य तिथून यायचं. आता धान्याची जहाजं वाऱ्याबरोबर कशी वर निघतात, हे ते भाताची शितं एकेक करून सरकवत दाखवू लागले. शेजारचे चार जण आपलं जेवण थांबवून पाहत होते. खलाशी आयसिस देवीला समुद्राची आई का म्हणत, या मुद्द्यावर वाढपी आला आणि त्यानं विचारायच्या आतच मठ्ठा ओतला. रोड्स बुडालं. थेरा निम्मं बुडालं. बाबू क्षणभर पाहत राहिले आणि वाढप्याला शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, निदान खलाशांना तरी वर चढू द्यायचंस."

पण बाबूंच्या साऱ्या विचाराच्या मुळाशी एक फरक होता. तो पार्सलखात्यातल्या माणसालाच सुचेल असा होता. गाडीतून वस्तू दोन प्रकारे जाते. एक लगेज, म्हणजे माणूस प्रवासाला निघतो आणि वस्तू त्याच्यासोबत त्याच गाडीनं जाते. दुसरं पार्सल, म्हणजे पाठवणारा एकीकडं, घेणारा दुसरीकडं, आणि वस्तू एकटी. मग इजिप्तचे देव लगेज म्हणून गेले की पार्सल म्हणून? खलाशी, व्यापारी, शिपाई यांनी आपापले नेले, की कुण्या राजानं हिशेबानं धाडले? बाबूंचा कौल पार्सलला होता. त्यांचा पुरावाही बळकट होता. सेरापिस हा देव मुळात इजिप्तच्या ग्रीक राजांनीच आपल्या नव्या राजधानीत मोठा केला, निम्मा इजिप्तचा आणि निम्मा ग्रीसचा, दोन्ही प्रजांना चालेल असा. "ज्यानं माल पॅक केला, त्यानंच तो धाडला. पाठवणाऱ्याशिवाय पार्सल नसतं," ते म्हणत आणि टेबलावर शिक्का मारत. एकच गोष्ट त्यांना टोचत होती. त्या पुस्तकातच डेलोसच्या एका दगडावरच्या लेखाची हकिगत होती. मेंफिस नावाच्या शहरातून एक पुजारी आपला देव घेऊन त्या बेटावर आला. देवळाला जागा नव्हती, म्हणून देव भाड्याच्या खोलीत राहिला. त्याचा मुलगा गेला, नातू आला, तरी देव भाड्याच्याच खोलीत. शेवटी देवानं स्वप्नात येऊन जागा दाखवली. बाजाराकडं जाणाऱ्या वाटेवरची शेणामातीनं भरलेली जागा. तिथं देऊळ उभं राहिलं, तर लोकांनी फिर्याद केली, आणि देव ती फिर्याद जिंकला. ही गोष्ट सांगताना बाबूंचा आवाज ओला होई. "भाड्याच्या खोलीत," ते म्हणत. "तीन पिढ्या." मग सावरून म्हणत, "पण हा अपवाद."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजच्या ग्रंथालयात जुन्या जाड पुस्तकांच्या कपाटासमोर उभा असताना एक पुस्तक सहज उघडलं आणि मी तिथंच खाली बसलो. तीच उभी देवी होती. तीच गाठ. मी शेवटची पानं उलटली. कारणांचं प्रकरण होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वाळवीचा एक दात न लागलेलं. ते पुस्तक बाहेर द्यायचं नव्हतं. माझ्या इतिहासाच्या सरांनी सगळी हकिगत ऐकली, बराच वेळ हसले, मग स्वतःच्या नावावर पुस्तक काढून दिवाळीच्या सुट्टीपुरतं माझ्या हातात दिलं. दौंडपर्यंत ते मी पोटाशी धरून आलो. शेवटचं प्रकरण वाचलं नाही. आधी त्यांनी वाचायचं, असं मला वाटलं.

शेडमध्ये वरवंडच्या गुळाच्या ढेपा चढत होत्या. मी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि गाठीचं पान उघडलं. बाबूंनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"शेवटचं आहे?"

"सगळं आहे, काका."

मला वाटलं होतं, ते झडप घालतील. त्यांनी हात मागं घेतले. चेहरा उतरला. "मिट ते," ते म्हणाले. मी मिटलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अकरा वर्षं मी यावर डोकं चालवलं. लोक हसले, हसू दे. पण आता बरोबर की चूक ते या पुठ्ठ्याच्या आत लिहिलेलं आहे. चूक निघालं तर काय, ही गोष्ट मी कधी धरलीच नव्हती रे." त्या महिनाअखेरीला ते रिटायर होणार होते. अकरा वर्षांची कमाई म्हणून त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

मग ते एकदम उठले. सुतळी घेतली, पुस्तक चारी बाजूंनी बांधलं, गाठीवर शिशाचा गोळा ठेवून सीलच्या पकडीनं दाबला आणि लेबल लिहिलं: पुण्याला परत जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत उघडू नये. "तोवर मी माझं प्रकरण लिहून काढतो," ते म्हणाले. "मग उघडायचं आणि नग ताडून पाहायचे. आधी पाहून लिहिलं तर ती चोरी, आणि पार्सल क्लार्कनं चोरी केली तर काय राहिलं." डोळ्यांत एवढी चमक होती, की मला त्यांच्या वयाचा विसर पडला.

रोज जेवणाच्या सुट्टीत बाबू सांगत आणि मी लिहून घेत असे. काय ते दिवस होते. बाबू डबा उघडून विसरत, पोळी हातात धरून धान्याची जहाजं हाकत, मधेच उठून भिंतीवरच्या रेल्वेच्या नकाशावर डेलोस दाखवत आणि बोट दौंडवर टेकवत. जंक्शन हे कारण झालं. खलाशी झाले, व्यापारी झाले, चाकरीहून परतणारे शिपाई झाले. मग राजाची पाळी आली. "मुख्य कारण," बाबू सांगू लागले, "इजिप्तच्या राजांनी हे देव बेटांवर धाडले."

आप्पा दाराशी बसून भाकरी खात होते. म्हणाले, "बाबू, एक इचारू का?"

"विचारा की, आप्पा."

"ह्या राजानं देव धाडला कशातनं?"

"जहाजातनं."

"मालासंगट?"

"मालासंगट म्हणा."

"मग न्हाई जमायचं," आप्पा म्हणाले आणि पुन्हा भाकरी खायला लागले.

बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "का बरं?"

"म्या ह्या शेडात जलम काढला. कोंबड्या चढवल्या, बर्फातली मासळी चढवली, एकदा सर्कशीतलं माकड बी चढवलं. देव कवा चढवला न्हाई. देव कुणी ब्रेकव्हॅनला मालात टाकत न्हाई, बाबू. मांडीवर घेत्यात. ती मद्रासची म्हातारी आठवा. गाठोडं दिलं, डबा दिला, टोपली दिली का?"

"पण पुण्याहून पितळी मूर्तींची खोकी येतात ती?"

"ती भांडी. त्यास्नी अजून कुणी हात जोडल्याला न्हाई."

बाबूंनी हातातली पोळी डब्यात ठेवली. मग हळूच म्हणाले, "तुमच्या घरी कसं आलं हो? म्हणजे बुद्ध?"

"आमी आमचं देव नदीत सोडलं. माझा बाप नागपूरला गेला, दीक्षा घ्यायला. येताना बुद्धाची तसबीर घिऊन आला. गाडीत उभं ऱ्हायला जागा न्हाई, पर तसबीर खाली ठिवली न्हाई त्यानं. कुठं टेकाया मिळालं की मांडीवर."

"पण बुद्ध देव नाही, तुम्हीच म्हणता."

"देव न्हाईच," आप्पा म्हणाले. "पर मांडी तीच."

बाबूंनी त्या दिवशी पुढं काही सांगितलं नाही. दोन दिवस त्यांनी शेडमधली जुनी पार्सल रजिस्टरं उपसली. धुळीनं केस पांढरे झाले. एक तरी देव पार्सलानं गेलेला सापडतो का, हे ते पाहत होते. गूळ सापडला, बूट सापडले, हार्मोनियम सापडलं, कुणाच्या तरी सासऱ्याची आरामखुर्ची सापडली. देव सापडला नाही. तिसऱ्या दिवशी ते आप्पांच्या शेजारी ढेपेवर जाऊन बसले.

"आप्पा, मग राजाचं काय करू? अकरा वर्षं त्याला सांभाळलाय."

आप्पांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "राजाला बी ऱ्हाऊ द्या की. राजानं बंदर बांधलं आसंल, जहाजं सोडली आसतील, वाटंवर शिपाई ठिवलं आसतील. गाडी सरकारची, बाबू. मांडी माणसाची."

बाबू ताडकन उठले. मला हाक मारली, आधीची पानं टराटरा फाडली आणि उभ्या उभ्या सांगत सुटले. राजामुळं वाट सुरक्षित झाली म्हणून देव पोचले, पण राजानं पाठवले म्हणून नव्हे. भाड्याच्या खोलीतला पुजारी अपवाद नव्हता, तोच नियम होता. परक्या मुलखात खोली भाड्याची, भाषा परकी, शेजारी परके, आणि आपलं म्हणावं असं जे काही, ते मांडीवरून आणलेलं. माझा हात पुरेना. एक पार्सल गाडी त्या दिवशी बाबूंशिवाय गेली आणि त्यांना ते कळलंही नाही.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दुपारी, शेड रिकामी असताना, बाबूंनी सील तोडलं. आप्पा काट्याच्या फळीवर बसले. मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, बाबूंनी लाल पेन्सिलीनं आमच्या कागदावर खूण करायची. पहिल्याच पानावर लेखक म्हणत होता, की राजांनी हे देव मुद्दाम पसरवले असं पूर्वी मानलं जाई, पण बेटांवरच्या लेखांत जागोजाग साध्या, खासगी माणसांचीच नावं दिसतात. मी थांबलो. बाबूंची पेन्सिल हवेत होती. त्यांनी आप्पांकडं पाहिलं.

"म्हणजे अकरा वर्षं मी म्हणत होतो ते चूक," ते म्हणाले, "आणि तुम्ही भाकरी खाता खाता म्हणालात ते बरोबर."

"मला काय कळतंय," आप्पा म्हणाले. "वझं उचलणाऱ्याला वजन कळतंय, एवढंच."

बाबूंना वाईट वाटेल म्हणून मी भीत होतो, तर ते हसायला लागले होते. "वाच, वाच," म्हणत त्यांनी पेन्सिल टेकवली. व्यापारी, खूण. खलाशी, खूण. परतलेले शिपाई, खूण. जंक्शनसारखं बेट, मोठी खूण. प्रत्येक खुणेला ते टेबलावर थाप मारत आणि काट्याची साखळी वाजे. मग एक कारण असं आलं, की आमच्या कागदावर ते नव्हतंच. आजारी माणसं सेरापिसच्या देवळात झोपत, देव स्वप्नात येऊन उपाय सांगे, आणि बरा झालेला माणूस बेटाबेटांवर ते सांगत फिरे. बाबूंनी कपाळावर हात मारला. काकू गुडघ्यासाठी वरवंडच्या हाड बसवणाऱ्याकडं जायच्या, तेही शेजारणीला गुण आला म्हणून. कारण त्यांच्या घरात लंगडत होतं आणि त्यांना दिसलं नव्हतं. "एक नग कमी," त्यांनी लिहिलं. प्रकरण संपलं. बाबूंनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "आणि एक नग जास्त," ते म्हणाले. "मांडी. यांच्यात मांडी नाही."

पार्सलखात्याचा रिवाज असा, की नग कमी आला तर कळवायचं आणि जास्त आला तरीही कळवायचं. बाबूंनी कोऱ्या लेबलावर सुंदर अक्षरात लिहिलं: जास्त नग एक. देव मालासोबत जात नाही, माणसाच्या मांडीवरून जातो. मत देणार, आप्पा, हमाल, पार्सल शेड, दौंड जंक्शन. आणि मी नको नको म्हणत असताना रेल्वेच्या डिंकानं ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलं. आप्पांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझं नाव कशाला घातलं त्यात," आणि तोंड धुवायला नळावर गेले. बराच वेळ परत आले नाहीत.

सरांनी ते लेबल पाहिलं आणि तसंच राहू दिलं. पुढं मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी जाऊन ते पुस्तक काढलं. लेबल होतं. रेल्वेचा डिंक सुटला नव्हता. खाली कुण्या अनोळखी वाचकानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पुरावा काय?'

पुरावा मी पाहिलेला आहे. त्याच महिनाअखेरीला बाबू मुलाकडं भुसावळला कायमचे निघाले, तेव्हा मी पुण्याहून मुद्दाम आलो होतो. सामान बुक झालेलं होतं, पेट्या, वळकट्या, काकूंच्या बरण्या, सगळ्यांवर त्यांच्या हाताची लेबलं. आप्पा एकेक नग ब्रेकव्हॅनला चढवत होते. शेवटी ते डब्याच्या खिडकीशी आले. बाबू आत बसले होते आणि त्यांच्या जवळ फडक्यात बांधलेलं एक चौकोनी पुडकं होतं. वाळवीनं खाल्लेलं ते जुनं पुस्तक. पूर्ण पुस्तक वाचून झालं होतं, याची आता काही गरज उरली नव्हती. फडक्याला वर ती गाठ होती, आणि मी नीट पाहिलं, या वेळी ती अगदी चित्रातल्यासारखी बसली होती.

आप्पांनी खिडकीतून हात पुढं केला. "द्या हिकडं, बाबू. ते बी ब्रेकला टाकतो, तुमाला अडचण नगं."

"हे नको, आप्पा," बाबू म्हणाले आणि त्यांनी पुडकं उचलून मांडीवर घेतलं. त्यावर दोन्ही हात ठेवले.

आप्पांनी हात मागं घेतला. दोघंही एकमेकांकडं पाहत राहिले. गाडी हलली, बाबूंना हात उंचावता आला नाही, कारण दोन्ही हात पुडक्यावर होते.

त्या पेन्सिलीच्या ओळीखाली मी अजून काही लिहिलेलं नाही. कितीदा पुस्तक उघडतो, पेन हातात घेतो आणि मिटून ठेवतो. असला पुरावा कुठल्या सदरात नोंदवायचा, हे विचारायला आता बाबू नाहीत आणि आप्पाही नाहीत.